ॲक्सलमध्ये दोष नव्हता

नोव्हेंबरातला दुसरा रविवार, सकाळ. ऐरोली, सामंतकाकांच्या इमारतीची गच्ची. हजर: सामंतकाका, आमच्या टेकडी गटाचे प्रमुख, बँकेतून निवृत्त. शिर्के सर, झाडांतलं कळणारे. नीता, जिच्याकडे गटाची सगळी कामं शेवटी येऊन पडतात. आणि मी. गैरहजर: जनार्दन म्हात्रे, ट्रॅक्टरवाले, दिघा.

मी काहीही सांगायला घेतलं की असंच सुरू करते. कोण होतं, कोण नव्हतं, काय ठरलं, कुणी करायचं. ऑफिसात याची चेष्टा होते, घरी तर होतेच. पण या हजेरीच्या पुढे जे आहे ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, साताऱ्याच्या बहिणीला नाही — जिला मी सगळं सांगते असं ती समजते. तुम्हालाही सांगितलं नसतं. पण त्या गच्चीवर एक वाक्य बोललं गेलं आणि मला इतका संताप आला, की हातातला चहा कठड्यावर ठेवून मी जिना उतरले.

विषय साधाच होता. पाऊस संपला, झाडांना पाणी द्यायचे दिवस आले. दिघ्यामागच्या टेकडीवर आम्ही लावलेली झाडं गेली दोन वर्षं कॅनमधून हातानं पाणी वाहून जगवली, आता कुणाच्या पाठीत ते बळ उरलेलं नाही. तेव्हा ट्रॅक्टर पुन्हा आणायचा. जनार्दनदादांचा ट्रॅक्टर त्यांच्या अंगणात उभाच आहे, त्यांचा मुलगा द्यायला तयार आहे. इथवर ठीक. मग सामंतकाका चष्मा पुसत म्हणाले, "फक्त या वेळी ड्रायव्हर जरा बघून घेऊ या."

सगळ्यांनी माना डोलावल्या.

बघून घेऊ या! म्हणजे मागच्या वेळी न बघता घेतला होता? चाळीस वर्षं स्टिअरिंगवर काढलेला माणूस — त्याला कुणी बघायचं? आणि कुणी? बँकेच्या काउंटरमागे आयुष्य गेलेल्यांनी? शिर्के सर पुढे म्हणाले की ही गावातली मंडळी सुसाटच चालवतात. नीता म्हणाली, तिला कुणीतरी सांगितलं होतं की त्यांच्या हातात मोबाइल होता. कुणी सांगितलं? कधी? तीन वर्षांत ही गोष्ट कशी फुगत गेली आहे ते मी पाहिलं आहे. आधी नुसती "हात चुकला" एवढीच होती. मग घाई आली. मग मोबाइल आला. आणखी वर्षभरानं त्यात बाटलीही येईल — त्या माणसानं उभ्या जन्मात सुपारीसुद्धा खाल्लेली नाही.

मला राग आला तो यांचाच, असं जिना उतरेपर्यंत वाटत होतं.

जनार्दनदादा तुम्हाला सांगायला हवेत. खाडीकाठचं गाव, वडिलांची भातशेती. ती जमीन गेली, तिच्यावर आता रस्ते आहेत आणि आमच्यासारख्यांच्या इमारती. शेत गेलं तरी छोटा ट्रॅक्टर त्यांनी विकला नाही. त्यावर राडारोडा वाहिला, मांडवाचे बांबू वाहिले, पाण्याची टाकी वाहिली. टेकडीवर झाडं लावायला माणसं जातात हे कळल्यावर एका रविवारी स्वतःहून फाटकाशी येऊन उभे राहिले. म्हणाले, लहानपणी या टेकडीवर गुरं चारली, आता तुमची झाडं चारतो. सामंतकाकांना ते "साहेब" म्हणायचे, शिर्के सरांना "मास्तर", आणि मला "मॅडम". माझी मात्र फिरकी घ्यायचे. मी यादी वाचायला लागले की मुद्दाम हात जोडून उभे राहायचे — जणू सत्यनारायणाची पोथी चालली आहे.

टेकडीवर अडचण वरच्या ओळीची होती. खालच्या झाडांपर्यंत ट्रॅक्टर सरळ चढून जायचा, पाणी देऊन सरळ मागे उतरायचा. वरच्या ओळीला पोचायचं तर उतारावर आडवं जावं लागे, म्हणजे एक बाजू डोंगराकडे आणि एक दरीकडे. जनार्दनदादा तिथे जायला नको म्हणत. कारण विचारलं की नुसतं म्हणत, मन घेत नाय. मग आम्ही कॅन वाहायचो आणि कुरकुर करायचो. एका बैठकीत सामंतकाका माझ्याकडे वळले. अहो ॲक्सलवाल्या बाई, तुमच्या कंपनीत काही जमतं का बघा की.

आता माझं काम. रबाळ्याला एका कारखान्यात आम्ही ट्रॅक्टरचे पुढचे ॲक्सल, म्हणजे पुढच्या दोन चाकांमधले आडवे दांडे, बनवतो. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी मी तिथे लागले, आज ग्राहकांच्या तक्रारी, चाचण्या आणि नव्या मुलांचं शिक्षण माझ्याकडे आहे. नव्या मुलांना पहिल्या दिवशी मी एकच गोष्ट शिकवते. त्यासाठी घरून पोळपाट नेते.

हसू नका. पोळपाटाला पाय किती असतात? तीन. म्हणून तो कुठल्याही वाकड्यातिकड्या ओट्यावर डुगडुगत नाही. पण त्याच्या कडेवर, दोन पायांच्या बरोबर मधे, तळहात दाबा — पोळपाट उलटतो, पीठ सगळं अंगावर. ट्रॅक्टर चार चाकांवर उभा असतो असं तुम्हाला वाटतं ना? सगळ्यांना वाटतं. तो तीन पायांवर उभा असतो. मागची दोन मोठी चाकं हे दोन पाय. पुढचा ॲक्सल अंगाला घट्ट बसवलेला नसतो, तो मधोमध एका पिनेवर झुलता ठेवलेला असतो, तराजूच्या दांडीसारखा. एक चाक ढेकळावर चढलं की दुसरं तेवढं खाली जातं आणि अंग सरळ राहतं. शेतासाठी हे उत्तमच आहे. पण ट्रॅक्टर बाजूला कलायला लागला की पुढची चाकं त्याला धरत नाहीत. दांडी नुसती झुलते. ती फार झुलू नये म्हणून लोखंडी ठोकळे असतात, पण त्यांवर जाऊन आदळेपर्यंत अंगानं वेग घेतलेला असतो. तिसरा पाय म्हणजे ती मधली पिन. पुढची चाकं कितीही लांब लांब न्या, पिन आहे तिथेच राहते. तराजूची दांडी लांब केली म्हणून तराजूचा खांब घट्ट होतो का?

हे मला कधीपासून माहीत आहे? त्या मुलांपैकी कित्येकांच्या जन्माआधीपासून.

आता पुढचं नीट ऐका, कारण इथे मी स्वतःला अज्ञानाचा फायदा देऊ शकत नाही. आमच्याकडे तेव्हा एक रुंद ॲक्सल पडून होता. दोन ओळींत जास्त अंतर ठेवायच्या पिकासाठी, म्हणजे चाकं रोपांवर चढू नयेत म्हणून, एका ग्राहकाला नमुना करून दिला होता. तो त्यांनी परत केला. उताराशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. मी ऑफिसातल्या साहेबांची परवानगी घेतली, तो दिघ्याच्या गॅरेजवर पाठवला, जनार्दनदादांच्या ट्रॅक्टरचा जुना काढून हा बसवून घेतला. तीन दिवसांत काम झालं. माझी कामं अशीच होतात.

खरा उपाय मला माहीत नव्हता का? होता. मागची चाकं बाहेर सरकवायची. त्या ट्रॅक्टरला ती सोय होती, रिम उलटी करून बसवली की झालं. पण मग ट्रॅक्टर टेकडीच्या लोखंडी फाटकातून गेला नसता. आधीच जेमतेम हातभर जागा उरायची; रुंद केलेली पुढची चाकं तेवढ्यात मावत होती. फाटकाचा खांब हलवायचा म्हणजे अर्ज, खेटे, सही, पुन्हा खेटे. किंवा आडवं जायचंच नाही — सरळ माथ्यापर्यंत चढायचं आणि तिथून लांब पाइप खाली सोडायचा. इतकं सोपं. पण गच्चीवर सगळे माझ्याकडे बघत असताना "लांब पाइप आणा" एवढंच सांगायला मला कमीपणा वाटला. ॲक्सलवाल्या बाईनं ॲक्सल आणायला हवा होता. मी आणला.

तो रविवार. ट्रॅक्टर फाटकाशी आला तेव्हा सगळे फोटो काढायला पुढे झाले. पुढची चाकं फाकवून तो खरंच रुबाबदार दिसत होता. जनार्दनदादा उतरून त्याच्याभोवती फिरले आणि म्हणाले, आखाड्यातल्या पैलवानासारखा उभा हाय. नीतानं टाळ्या वाजवल्या. सामंतकाकांनी दोन शब्द बोलून माझे आभार मानले. म्हणाले, आता हा काही पडत नाही. मी हसले. तेव्हाच बोलायला हवं होतं — तोंडाशी आलं होतं, असं मी पुढे स्वतःला सांगत राहिले. खोटं. काही तोंडाशी आलं नव्हतं. मला छान वाटत होतं.

मग लोक पांगले. जनार्दनदादा माझ्याजवळ आले. चेष्टेचा सूर नव्हता.

"मॅडम, आता आडवा नेला तं चालंल ना?"

मी म्हणाले, "चालेल की. पुढून एवढा रुंद केलाय, आता कशाला पडतोय?"

झालं. हे ते वाक्य. तीन वर्षं मी याच्याभोवती फिरते आहे आणि आज लिहून बघते तर एका ओळीचं आहे. त्याच आठवड्यात मी ऑफिसात पोळपाट दाखवून नेमकं याच्या उलट शिकवलं होतं. माणसानं मला एकच प्रश्न विचारला, आणि तो अचूक माणसाला विचारला. त्यांचं मन घेत नव्हतं. ते मन मी माझ्या अधिकारानं गप्प केलं.

तो उन्हाळा जवळजवळ सगळा ते वरच्या ओळीवर जात राहिले. काही झालं नाही. काही होत नव्हतं म्हणून मीही विसरले — विसरता येतं, हेही सांगायला हवं. मग पावसाळ्यातल्या लागवडीसाठी आम्ही वरच्या ओळीच्या खालच्या अंगाला नवे खड्डे खणले. वाळकं गवत त्यांच्यावर झुकलं होतं. मे महिन्यातली ती सकाळ. टाकी भरलेली होती. ट्रॅक्टर आडवा, अगदी सावकाश येत होता. हो, सावकाश, मी खाली फाटकापाशी उभी होते, मी पाहिलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर. वरच्या बाजूचं मागचं चाक एका दगडावर चढलं आणि त्याच क्षणी खालचं मागचं चाक खड्ड्यात गेलं. पुढचा ॲक्सल शांतपणे झुलला. पैलवानाचे दोन्ही पाय जमिनीवर टेकलेले आणि अंग कलतंय — ते दृश्य मी तोवर कागदावर शंभरदा काढलं होतं. प्रत्यक्षात पहिल्यांदा पाहत होते. मग टाकीसकट सगळं आडवं झालं.

जनार्दनदादा वाचले. खुब्याचं हाड मोडलं, उजवा पाय आखूड झाला. ते काठी घेऊन चालतात.

तुम्ही म्हणाल, इथवर चूक झाली, अपघात झाला, झाला. थांबा. मला ज्याची सगळ्यात जास्त चीड येते ते अजून आलेलं नाही.

चार दिवसांनी हॉस्पिटलच्या बाहेर, रसवंतीच्या बाकावर, आम्ही सगळे बसलो होतो. जनार्दनदादांचा मुलगा प्रशांत आला. पंचविशीचा, गोदामात सुपरवायझर, द्रोणागिरीहून थेट शिफ्ट संपवून आलेला. डोळे लाल. तो बाकीच्यांकडे वळला नाही, माझ्याकडेच आला. त्याला ठाऊक होतं यातलं कळणारं कोण आहे.

"मॅडम, खरं सांगा. गाडीत काय चुकी होती का?"

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "नाही रे. आमची माणसं बघून आली. ॲक्सलमध्ये दोष नव्हता."

हे वाक्य पुन्हा वाचा. यात एकही शब्द खोटा नाही. ॲक्सल तुटला नव्हता, वाकला नव्हता, पिन जागेवर होती, ठोकळे शाबूत होते. मी स्वतः तपासून घेतलं होतं. आयुष्यभर मी तपासणीचे शेरे लिहिले आहेत, कुठल्या शब्दात काय मावतं आणि काय बाहेर राहतं हे माझ्याइतकं कुणाला कळतं? मी ते वाक्य निवडलं. अपघाताच्या संध्याकाळपासून मनात तयार ठेवलं होतं. आणि ते नुसतं माझी सुटका करणारं नव्हतं. यंत्रात दोष नाही म्हटल्यावर दोष उरतो कुणाकडे? सामंतकाकांनी सुस्कारा सोडला आणि म्हणाले, मग काय, हात चुकला म्हणायचा. मी रसाच्या ग्लासात बघत राहिले.  प्रशांतनं नुसती मान हलवली, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी आज नाव देऊ शकते. त्याला बापाची लाज वाटली होती.

पुढे त्यानं ट्रॅक्टरची किल्ली काढून घेतली. दादा बरे झाल्यावरही दिली नाही. वर्षभरात तो ट्रॅक्टर इतरांना भाड्यानं देऊ लागला — सपाटीवरच्या कामांना. दादा अंगणात खुर्चीवर बसून दुसऱ्यांना तो मागे-पुढे घेताना बघतात.

मी त्यांच्या घरी एकदा गेले आहे. सगळ्यांबरोबर, फळांची पिशवी घेऊन. त्यांच्या बायकोनं, सुगंधावहिनींनी, चहा दिला, घावन दिलं. सामंतकाका काहीतरी समजूत घालत होते, की होतं असं, वय झालं की हात जरा हलतो. जनार्दनदादांनी त्यांना मधेच थांबवलं. माझ्याकडे बघून बोलले, कारण त्यांना वाटत होतं की माझा रुंद ॲक्सल फुकट गेला म्हणून मला वाईट वाटत असेल.

"मॅडमनी येवढं चांगलं करून दिलं. माजाच हात चुकला. गाडीला नाव नाय ठेवायचं."

माझं सांत्वन करत होते ते. माझं! चाळीस वर्षं न चुकलेल्या हातावरचा विश्वास त्यांनी माझ्या एका वाक्यावर सोडून दिला होता, आणि वर मला धीर देत होते. मी काय केलं? मी घावन संपवलं. वहिनींना म्हणाले, नारळाचा रस छान झालाय.

तर आता मला सांगा, त्या रविवारी गच्चीवर मला कुणाचा राग आला होता? सामंतकाकांचा? त्यांना पोळपाट कुणी दाखवला होता? शिर्के सरांचा, नीताचा? ती माणसं ऐकलेलं बोलतात. "सुसाट", "मोबाइल", "बघून घेऊ या" — हे सगळं पीक माझ्या एका बीचं आहे. मी तीन वर्षं पाणी घालत होते, गप्प राहून. लोकांना "ड्रायव्हरची चूक" हे शब्द इतके आवडतात, कारण त्यात पुढे काही करावं लागत नाही. खांब हलवायला नको, पाइप आणायला नको. याची मला चीड येते, अजूनही येते. पण ते शब्द त्यांच्या तोंडी देणारी मी आहे. आणि मला सगळं माहीत होतं.

त्या दिवशी जिना उतरून घरी आले आणि यादी केली. यादी करणं मला जमतं.

नव्या ड्रायव्हरला उतारावर आडवं जायचं नाही हे सांगणं. झालं, तो ठरला त्याच दुपारी, समोर बसवून. गटाच्या ग्रुपवर मेसेज: ट्रॅक्टर सरळ माथ्यापर्यंत जाईल, तिथून पाइपनं पाणी सोडू. झालं. पाइप मी ऑफिसच्या जुन्या मालातून मिळवला. प्रशांतशी बोलून तो रुंद ॲक्सल काढून जुना परत बसवणं. झालं, जुना आमच्या इमारतीच्या जिन्याखाली गोणपाटात गुंडाळून होता, मीच जपून ठेवला होता. का काढता, असं प्रशांतनं विचारलं. मी म्हणाले, कंपनीला परत हवा आहे. हेही खरंच होतं. मला खऱ्या वाक्यांची किती सवय झाली आहे बघा.

ग्रुपवर माझ्या मेसेजखाली अंगठे आले, हात जोडलेले आले. सामंतकाकांनी लिहिलं, मॅडम म्हणजे किती बारकाईनं काळजी घेतात. एकानंही विचारलं नाही की हे आत्ता कुठून सुचलं. मी ते अंगठे मोजले नाहीत, पण पुसलेही नाहीत.

पहिलं पाणी देऊन झालं. ट्रॅक्टर सरळ गेला, सरळ आला. वरची ओळ भिजली. जनार्दनदादा फाटकापर्यंत रिक्षानं आले होते म्हणे, काठी टेकून बघत उभे होते. मी त्या दिवशी ऑफिसचं काम काढलं.

यादीत एक उरलं आहे. पोळपाट पिशवीत घालून दिघ्याला जायचं, तो त्यांच्या अंगणात खुर्चीसमोर ठेवायचा, कडेवर तळहात दाबून दाखवायचं, आणि प्रशांतला शेजारी उभं करून सांगायचं की हात चुकला नव्हता, मी चुकीचं सांगितलं होतं, मला माहीत असून. पिशवी दाराशी ठेवून आठवडा झाला. मी पोळ्या ओट्यावरच लाटते आहे. नवरा विचारतो पोळपाट कुठे आहे, मी म्हणते, ऑफिसला न्यायचाय.